मुठीत मावेल एवढा मोबाइल

"भाऊ, हा आणि तो कडेचा. दोन्ही द्या हातात," शालन म्हणाली.

नदाफभाऊंनी काचेखालून दोन मोबाइल काढले. शालननं एक उजव्या तळहातावर ठेवला, एक डाव्या, आणि मंडईत वांगी निवडताना करावं तसं हात खालीवर करून बघितलं. पडद्यांकडे तिचं लक्ष नव्हतं. दोन्ही पडदे काळे होते, ते चालू करून बघायचंही तिच्या मनात आलं नाही.

"हा जड आहे," ती म्हणाली.

"जड म्हणजे बॅटरी मोठी, वहिनी. दोन दिवस बघायला नको."

"जड बरा आहे. पण लांब आहे. टोक वर येतंय."

"टोक कुठं वर येतंय?" मी विचारलं.

"हातातून गं," ती म्हणाली आणि तो मोबाइल खाली ठेवला.

नदाफभाऊंचं दुकान म्हणजे कराडच्या मंडईमागची एक गंमत होती. वडिलांचा धंदा कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायचा. भाऊंनी मोबाइल ठेवायला सुरुवात केली तेव्हा वडिलांच्या जिवाला लागू नये म्हणून गाद्या तशाच राहू दिल्या. त्यामुळं एका अंगाला छपरापर्यंत गाद्यांची चळत आणि दुसऱ्या अंगाला काचेचं कपाट. मधे कापूस मोजायचा काटा. सगळ्या मोबाइलांवर कापसाची बारीक लव बसलेली असायची आणि भाऊ बोलता बोलता ती फुंकरीनं उडवायचे.

मोबाइल घ्यायला लावला होता बर्गेकाकूंनी. श्रावणात नव्या नवरीची मंगळागौर असली की खेळ खेळायला आमचा बायकांचा गट जायचा. झिम्मा, फुगड्या, सूप नाचवणं. काकू गटाच्या मुख्य. कुठं जायचं, कोणती नऊवारी नेसायची, सगळं त्या आता मोबाइलवर कळवायच्या. शालनकडं जुना बटणांचा फोन. ती वर्षभर पुण्याला मुलाकडं होती, पिशवीचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. आता परत आली होती आणि तिला गटात परत यायचं होतं. काकूंनी सांगितलं होतं, "मंगळवारी फलटणला ये. पमाबरोबर फुगडी घाल. जमलं तर जागा तुझीच. नाही जमलं तर पाटोळ्यांची स्नेहल आहे. मग वाईट वाटून घ्यायचं नाही."

ती पमा म्हणजे मी. लग्न होऊन कराडात आले तेव्हापासून माझी फुगडी शालनबरोबर. गेल्या वर्षी स्नेहलबरोबर घातली, पण ती पोरगी फिरताना प्रेक्षकांकडं बघून हसायची. मला शालन परत हवी होती. शालनला तर ती फुगडी किती हवी होती, ते तिच्या तोंडावरच दिसायचं. मंगळवारचा विषय निघाला की ती बोलता बोलता गप्प व्हायची.

"भाऊ, तो कोपऱ्यातला छोटा कोणता?" शालननं विचारलं.

"तो? तो नका घेऊ."

"का?"

"मी विकतोय, तरी सांगतो. कुठल्या कंपनीचा आहे ते मलाही धड वाचता येत नाही. मोठ्या मोबाइलांबरोबर आला, तेव्हापासून पडून आहे. आता लोकांना ताटाएवढा पडदा लागतो."

"बघू तर."

भाऊंनी फुंकर मारून तो दिला. साबणाच्या वडीएवढा. कडा गोल. शालननं मुठीत धरला, मूठ उघडली, परत मिटली.

"मावतोय," ती म्हणाली.

"मावतोय, पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात."

"मला कुठं पोथी वाचायचीय त्याच्यावर?"

"फोटो बरे येत नाहीत."

"माझे तसेही बरे येत नाहीत."

"जागा कमी. चार व्हिडिओ आले की अडकतो."

"अडकू दे. वजन किती आहे?"

नदाफभाऊ थांबले. "वजन?"

"काटा आहे ना तुमच्याकडं. ठेवा की त्यावर."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी कापसाच्या काट्यावर तो छोटा मोबाइल ठेवला. मग शालनच्या सांगण्यावरून आधीचा मोठा. मग दुसरा एक. शालन आकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, जणू कुठलं तरी दुसरं वजन तिला पाठ होतं आणि त्याच्याशी ती ताडून बघत होती.

"वजन करून मोबाइल नेणारं गिऱ्हाईक आज पहिलंच," भाऊ म्हणाले. "मला वाटलं आता भाव किलोवर विचारताय."

"गरम होतो का?"

भाऊ खरं बोलणारा माणूस. "होतो. छोट्या अंगाचा आहे ना, आतली उष्णता बाहेर येते. पोळत नाही, पण खिशात ठेवला की जाणवतं."

यावर शालन पहिल्यांदाच अडखळली. मोबाइल तिनं पालथा केला, पाठीवरून अंगठा फिरवला.

"आणि बंद ठेवला तर?"

"बंद ठेवला तर कशाला गरम होईल? पण वहिनी, बंद ठेवायला मोबाइल कशाला घ्यायचा?"

"सहज विचारलं. थरथरतो तो, ते बंद करता येतं?"

"येतं."

"तळपट," मी म्हटलं. "अगं शाले, नवरा बघितलास तेव्हा एवढं विचारलं नव्हतंस."

"नवरा बाबांनी बघितला होता," ती म्हणाली. "आणि तो बदलून मिळत नाही हे ठाऊक होतं. विचारून काय करायचं होतं?"

भाऊ हसले. मीही हसले. शालननं मोबाइल हातात घेतला आणि म्हणाली, "जरा उजेडात बघते."

आणि ती गाद्यांच्या चळतीमागं गेली. तिथं दुकानातला सगळ्यात जास्त अंधार होता.

भाऊंनी तेवढ्या वेळात माझ्यापुढं आणखी एक मोठा मोबाइल ठेवून त्याचे गुण सांगायला सुरुवात केली. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. मी मान हलवत होते आणि बाहेर रस्त्यावर कुणी आपल्याला बघत नाही ना हे बघत होते, कारण घरी शिवायला घेतलेली दोन झंपरं द्यायची राहिली होती आणि गिऱ्हाईक मंडईतच होतं.

शालन आली ती पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढत. पुण्याहून आल्यापासून ती पदर असाच घ्यायची. थंडी वाजते म्हणायची. केसही तिचे बारीक आणि कुरळे झाले होते. पुण्याच्या पाण्यानं झाले, असं तिनं सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं. पुण्याचं नाव घेतलं की आपल्या माणसाला काहीही पटतं.

"हाच," ती म्हणाली.

"घेऊन पस्तावाल, वहिनी."

"पस्तावले तर तुमच्याकडं येणार नाही. जा."

रस्त्यात मी तिला म्हटलं, "उद्या माप द्यायला ये. काकूंनी सगळ्यांना मोरपंखी झंपर सांगितलंय."

"जुनं माप आहे की तुझ्याकडं. त्यावरच शीव."

"आजारपणात उतरलीस तू. अंगाभोवती फिरेल ते."

"फिरू दे. मी परत भरणार आहे."

मी शिलाई कुणाकडं शिकले नाही. फाटक्या झंपरांची शिवण उसवून उसवून शिकले. पण बाईनं माप द्यायला नकार दिला तर जबरदस्ती करायची नाही, एवढं मला पहिल्या वर्षी कळलं होतं. कुणाला दिवस गेलेले असतात, कुणाला वळ लपवायचे असतात. शालनच्या बाबतीत मला यातलं काही वाटलं नाही. मला वाटलं, मला त्रास नको म्हणून सांगतेय. जुन्या मापावर शिवलं. छातीशी फुगवटा देणारे टक नेहमीसारखे घातले, दोन्ही बाजूंना सारखे.

*

फलटणला कार्यालयात खेळ दुपारचे होते. नवी सून, तिच्या मैत्रिणी, सासरच्या बायका, सगळा हॉल भरला होता. मधे सतरंज्या अंथरलेल्या. बर्गेकाकूंनी दारातच टोपली ठेवली होती. "मोबाइल इथं. मागच्या वेळी सुपाच्या गाण्यात कुणाचा तरी कोंबडा आरवला होता."

सगळ्यांनी टाकले. शालन माझ्यामागून पुढं गेली. टोपलीकडं बघितलंसुद्धा नाही.

तिनं गंगावन लावून खोपा घातला होता, वर मोगरा. नऊवारीचा पदर एका खांद्यावरून घट्ट ओढून कमरेला खोचलेला. इतक्या महिन्यांनी मी तिला तशी बघत होते. झंपर बसलंही होतं बरं. मी मनात म्हटलं, उगाच काळजी केली.

"दिसतेय कशी?" तिनं विचारलं.

"नवरी मुलगी रुसेल एवढी."

"खरं सांग."

"अगं खरंच. सगळं जागच्या जागी आहे."

ती हसली. तिचं ते हसू मला तेव्हा जरा जास्त वाटलं.

फुगडी शेवटी होती. आधी झिम्मा. झिम्म्यात सगळ्या गोल करतात, वाकून टाळी, उडी, गिरकी, परत वाकून टाळी. शालन माझ्या समोरच्या बाजूला होती. चौथ्या-पाचव्या फेरीला आम्ही वाकलो, आणि तिच्या झंपराच्या गळ्यातून काहीतरी काळं निसटलं. सतरंजीवर टप्प आवाज झाला. गोल फुटला.

"अगं, मोबाइल पडला कुणाचा तरी."

"काच फुटली का बघ."

"शालनवहिनींचा. झंपरात ठेवला होता काय? वहिनी, हद्द झाली."

बायका हसायला लागल्या. नवी सूनसुद्धा हसली. बाईच्या झंपरात किल्ली असते, गोळ्यांची पट्टी असते, मिश्रीची डबी असते, त्यात मोबाइलचं कुणाला काय नवल. शालननं वाकून तो उचलायला हात पुढं केला, पण काकू आधी पोचल्या.

"टोपली कशाला ठेवली होती मी?"

"राहू द्या काकू. मुलाचा फोन यायचाय."

"मुलाला तासभर आई नाही मिळाली तर तो काही पाळण्यात नाही."

"कमरेला खोचते. परत पडणार नाही."

"पायाखाली आला तर कुणाचा तरी पाय मुरगळेल. माझ्याकडं राहू दे." काकूंनी तो आपल्या पर्समध्ये टाकला आणि टाळी वाजवली. "चला, वेळ जातोय. झिम्मा राहू दे, फुगडी घ्या. पमा, शालन, या मधे."

शालन उभी होती तिथंच उभी राहिली. डावा हात तिनं छातीशी धरला होता, पदर धरावा तसा. मी तिच्याजवळ गेले.

कपड्याला मी ओळखते. माणसाचं तोंड वाचायला मला वेळ लागतो, कपड्याला लागत नाही. तिच्या हाताखालून पदर जिथून वर जात होता तिथं तो डाव्या बाजूला सपाट पडला होता, भिंतीवर वाळत घातल्यासारखा. आणि कडेनं झंपराचा जेवढा तुकडा दिसत होता, त्यात मी घातलेला टक रिकाम्या द्रोणासारखा आत बसला होता.

पिशवीचं ऑपरेशन. पुण्याचं पाणी. उजेडात बघते. माझ्या डोक्यात सगळं एका मागोमाग एक येऊन उभं राहिलं, आणि मी तिथं तोंड उघडं टाकून उभी.

मी बघितलं हे तिनं बघितलं.

"धर," ती म्हणाली.

मी उजवा हात दिला. एका हाताची फुगडी घालू, म्हणजे तिचा डावा हात छातीशी राहील, एवढंच मला सुचलं.

"दोन्ही."

"शालू, तुझा हात..."

"दोन्ही धर, पमे. आणि फिरव. बघायला कुणाला सवड देऊ नकोस."

आम्ही हातांची अढी घातली, एकमेकींची मनगटं पकडली. पाय जुळवले. स्नेहल कडेला टाळ्या धरून उभी होती. पहिली गिरकी जड गेली, दुसरी सुटली, आणि तिसरीला शालननं अंग मागं टाकलं, पूर्वीसारखं, सगळंच्या सगळं. मीही टाकलं. विचार करायला वेळच नव्हता. फुगडीत दोघी एकमेकींच्या वजनावर उभ्या असतात. एकीनं कच खाल्ली तर दुसरी जाऊन आपटते.

एकदा वेग धरला की बाहेरचं काही राहत नाही. हॉल, साड्या, तोरणं, सगळं धुवून एका रंगाचं होतं. बाहेरच्यांनाही आम्ही तशाच दिसत असणार, एक मोरपंखी भोवरा. स्थिर दिसतं ते फक्त समोरचीचं तोंड. शालनचं तोंड माझ्यासमोर होतं. दात आवळलेले. डाव्या खांद्यातून कळ येत असणार, कारण दर गिरकीला डोळा बारीक होत होता. पण ती मागं येत नव्हती. आणखी, असं ती ओठांनी म्हणत होती. आणखी.

टाळ्या वाढल्या. कुणीतरी काकूंना म्हणालं, या वयात बघा. आम्ही थांबलो तेव्हा तोल जायला आला, आणि फुगडीनंतर बायका जशा हसत एकमेकींच्या गळ्यात पडतात तशी मी तिला ओढून घेतली. छातीला छाती लावून, तशीच, हसत हसत, लडखडत, तिला हॉलच्या मागच्या दारानं बाहेर नेलं.

मागून काकूंचा आवाज आला, "शालन, जागा तुझी गं."

*

मागं भांड्यांची खोली होती. पालथ्या पातेल्यावर शालन बसली. तिचा श्वास बसायला वेळ लागला. मी माझा पदर सोडून तिच्या खांद्यावरून पुढं घेतला.

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या ज्येष्ठात. डावीकडचं सगळंच काढलं."

"आणि मला पिशवी म्हणून सांगितलंस."

"सगळ्यांना तेच सांगितलं. पिशवीचं ऑपरेशन कुणाचं होत नाही? कुणी पुढं विचारत नाही. हे सांगितलं असतं तर आधी डोळे इथं आले असते," तिनं पदराकडं बोट केलं, "आणि मग तोंडाकडं."

बाहेर सुपाचं गाणं सुरू झालं होतं.

"मोबाइल कशाला पण? पुण्यात मिळतं म्हणे यासाठी काहीतरी, घालायला."

"मिळतं. डॉक्टरीणबाईंनी वजनासकट सांगितलं होतं. पण आणायला पाठवायचं कुणाला? पोराला? आधी कापूस घालून बघितला. कापूस हलका गं. चालताना वर चढतो. एकदा देवळात गेले तर गळ्यापाशी आलेला. त्याला खाली धरायला वजन लागतं." ती जरा हसली. "नदाफभाऊंना वाटलं मी वेडी झाले."

"मलाही वाटलं."

"तरी त्यांनी गरम होतो म्हणून सांगितलं ते बरं झालं. तिथली कातडी अजून नाजूक आहे, ऑपरेशननंतर विजेनं शेकलीय ना. म्हणून बंदच ठेवला."

एका पातेल्याच्या कडेला रव्याचा शिरा वाळून चिकटला होता, तो मी नखानं खरवडत राहिले.

"आणि पमे, ते पुण्यातलं समजा आणलं आणि आजच्यासारखं भर मांडवात पडलं, तर? सगळ्या जन्मात मी परत मांडवात पाऊल ठेवलं असतं का? मोबाइल पडला तर लोक काय विचारतात? काच फुटली का. एवढंच. सगळा विचार करून घेतला होता मी. पडला तर लाज जाणार नाही, हा मोठा फायदा. फक्त उचलून कुणी पर्समध्ये टाकेल, हे नाही सुचलं."

"अगं पण मी शिवते. माझं काम आहे ते. आतून खिसा शिवला असता, पडलाच नसता. मला एकटीला सांगायचंस."

शालनच्या खोप्यातला मोगऱ्याचा गजरा सुटून मानेवर आला होता, तो तिनं काढला आणि मांडीवर ठेवला.

"तू खिसा फार चांगला शिवला असतास," ती म्हणाली. "पण मग आज तू माझे हात सैल धरले असतेस."

"मी? तुझे?"

"मुद्दाम नाही. तुला कळलंही नसतं. घरी तसंच आहे. हे माझ्या हातातून बादली काढून घेतात. पोरगा गाडीत बसवताना काचेचं भांडं ठेवावं तसा ठेवतो. सून माझ्याशी बोलताना आवाज बारीक करते. वाईट कुणीच नाही. पण वर्ष झालं, कुणी मला जोर लावून ओढलं नाही गं. मला वाटलं, एक पमी उरलीय."

दार लोटून बर्गेकाकू आत आल्या. हातात त्यांच्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते शालनच्या मांडीवर गजऱ्याशेजारी ठेवलं.

"बंदच आहे की हा," काकू म्हणाल्या. "बंद मोबाइलवर मुलाचा फोन कसा..."

आणि तिथं त्या थांबल्या. त्यांनी शालनकडं बघितलं, तिच्या अंगावरच्या माझ्या पदराकडं बघितलं. मग रुमाल परत न घेताच वळल्या. "गोड झालंय. जेवायला बसा दोघी," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसानंतर मोबाइलची टोपली दारात कधी ठेवली नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

*

शालन त्यानंतर आणखी एक श्रावण होती. पुढच्याला नव्हती. ते दुखणं दुसऱ्या जागी निघालं आणि मग फार दिवस लागले नाहीत. पण मला आठवतो तो फलटणनंतरचा लगेचचा मंगळवार.

तो आठवडा मी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. मोरपंखी झंपर उसवलं आणि यावेळी तिचं माप घेतलं, दार लावून. तीही उभी राहिली, भिंतीकडं तोंड न करता. आतून मऊ मलमलचा खिसा लावला, दुहेरी, म्हणजे कातडीला मोबाइलची कड लागू नये. वरून बटणाची पट्टी. डावा टक काढून निराळा घातला. शिलाईत मी पुष्कळ चुका केल्या आहेत, पण त्या झंपरात एक टाका वाकडा नव्हता. शालननं घालून आरशात बघितलं, दोन्ही हात जमतील तेवढे वर केले, वाकली, उडी मारली.

"हलत नाही," ती म्हणाली.

"हलणारच नाही."

"आधीच तुझ्याकडं यायला हवं होतं म्हण की."

"म्हणते."

त्या मंगळवारी खेळ कराडातच होते, देवळाच्या सभागृहात. झिम्मा झाला. सूप झालं. मोबाइल जागचा हलला नाही. मग काकूंनी आम्हाला मधे बोलावलं. आम्ही अढी घातली, पाय जुळवले. मी नेहमीसारखे धरले होते हात. निदान मला तसं वाटत होतं. पहिली गिरकी, दुसरी, तिसरी. तिसरीला शालन अंग मागं टाकते, म्हणून मी वाट बघत होते. तिनं थोडं टाकलं आणि थांबली. तिचं वजन माझ्यापर्यंत येईना. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जोंधळ्याच्या डब्यात हात घातला आणि तळ लागला की बाई जशी बघते, तशी बघत होती.

मग तिनंच वेग कमी केला. इतका सावकाश की बघणाऱ्यांना वाटावं, फुगडी संपवायची हीच रीत आहे. आम्ही थांबलो. टाळ्या झाल्या.

"काकू," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळेपासून पमाबरोबर स्नेहलला घ्या. मी टाळ्या धरते. मला गरगरतं हो आता."

"अगं पण गेल्या मंगळवारी तर..."

"गेल्या मंगळवारी निराळं होतं."

लोक उठायला लागले. प्रसादाची गडबड सुरू झाली. मी तिला खांबाशी गाठलं.

"शालू, मी सैल नव्हते धरले."

माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले आणि बांगड्या जरा वर सारून मनगटं उलटी केली. फुगडीनंतर आमच्या दोघींच्या मनगटांवर बोटांचे लाल वळ उठलेले असायचे, रात्रीपर्यंत जायचे नाहीत. धुणं धुताना चरचरायचे. त्या दिवशी माझी मनगटं कोरी होती. मग तिनं स्वतःची माझ्यापुढं धरली. तीही कोरीच.

"बघ," ती म्हणाली, आणि माझ्या बांगड्या परत खाली सारून दिल्या.